हद्द आणि वहिवाट

कॅनडाची मुख्य भूमी आणि व्हँकूव्हर बेट यांच्या मधल्या सामुद्रधुनीत टेक्साडा नावाचे एक लांबट, अरुंद बेट आहे. चुनखडीच्या आणि लोखंडाच्या खाणींमुळे व्यापाऱ्यांच्या दप्तरी या बेटाची नोंद फार पूर्वीपासून आहे. पण जीवशास्त्राच्या अभ्यासकांत गेल्या अर्धशतकात त्याला जी कीर्ती लाभली, तिचे कारण त्याच्या पोटातील पॅक्स्टन नावाच्या एका लहानशा सरोवरात राहणारे बोटभर लांबीचे मासे हे आहे. वसंत ऋतूत या सरोवरात बारीक जाळीचे सापळे रात्री बुडवून ठेवावेत, सकाळी ते वर ओढावेत आणि अडकलेली मासळी पाण्याने भरलेल्या बादलीत ओतावी, म्हणजे नवख्या माणसाच्याही थोड्याच वेळात ध्यानात येते की बादलीत दोन तऱ्हेचे मासे फिरत आहेत. एक थोराड, खोल पोटाचा, रुंद तोंडाचा, अंगावर कवचाचे नाव जवळजवळ नसलेला. दुसरा सडपातळ, मोठ्या डोळ्यांचा, निमुळत्या तोंडाचा, पाठीवरचे आणि पोटाखालचे काटे ताठ उभारणारा. पहिला सरोवराच्या उथळ काठाशी, पाणवनस्पतींच्या गर्दीत, चिखलातील किडे आणि अळ्या टिपत फिरतो. दुसरा मधल्या उघड्या पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवर गुजराण करतो. पहिल्याचे कल्ले उघडून पाहिले तर आतल्या कमानीवर थोड्या, आखूड, जाड काड्या दिसतात. दुसऱ्याच्या कमानीवर त्याच काड्या लांब, बारीक आणि दाट असतात, कारण बारीक भक्ष्य पाण्यातून गाळून घ्यायला चाळणी बारीक लागते.

इंग्रजीत या माशाला स्टिकलबॅक म्हणतात. आपल्या पाण्यात तो नसल्यामुळे मराठीने त्याचे बारसे केलेले नाही. तेव्हा वैद्यांनी गोखरूला दिलेले त्रिकंटक हे नाव या लेखापुरते मी त्याच्यासाठी उसने घेतो, कारण त्याच्या पाठीवर बहुधा तीन काटे असतात. कोकणात शिंगाळा हाताळणाऱ्या कोळिणीला अशा काट्यांचे महत्त्व सांगावे लागणार नाही. गिळू पाहणाऱ्या शत्रूच्या घशात ते आडवे उभे राहतात, एवढे सांगितले की पुरे. त्रिकंटक मूळचा समुद्रातला. उत्तर गोलार्धाच्या थंड किनाऱ्यांवर तो विपुल आढळतो आणि विणीच्या हंगामात कित्येक ठिकाणी नदीमुखातून गोड्या पाण्यात चढतो. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग ओसरू लागले, किनाऱ्यावरील हिमनद्या मागे हटल्या, बर्फाच्या भाराखाली दबलेली जमीन हळूहळू वर आली आणि समुद्राच्या कित्येक खाड्या तुटून त्यांची सरोवरे झाली. त्यांत जे त्रिकंटक अडकले किंवा ओढ्यांवाटे जे वर चढून गेले, त्यांचे वंशज आज अलास्कापासून स्कॉटलंडपर्यंत हजारो सरोवरांत नांदत आहेत. भूगर्भशास्त्राच्या मापाने बारा हजार वर्षे म्हणजे काहीच नव्हेत. तरीही तेवढ्या अवधीत पॅक्स्टनमध्ये एकाच्या दोन जाती झाल्या.

या घटनेचा उलगडा करायचा तर आधी समुद्रातल्या माशाचे चिलखत पाहिले पाहिजे. सागरी त्रिकंटकाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत तीस-पस्तीस अस्थिमय पट्ट्या एकीला एक लागून बसवलेल्या असतात. बोटाने चाचपले तर खडबडीत लागाव्यात इतक्या त्या कठीण असतात. गोड्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माशाच्या अंगावर या पट्ट्यांपैकी पुढच्या मोजक्याच उरतात, आणि कुठे कुठे एकही उरत नाही. याची कारणे पाण्यातच आहेत. गोड्या पाण्यात चुन्याचा अंश समुद्रापेक्षा कमी, म्हणून हाड घडवणे महागात पडते. जो पोरवयात हाडावर खर्च करत नाही तो लवकर वाढतो आणि हिवाळा तग धरतो. शिवाय लपायला शेवाळ आणि दगड जवळ असले म्हणजे जड चिलखतापेक्षा चपळाई अधिक उपयोगी पडते.

हा बदल किती वेगाने होतो, याचा दाखला अलास्कातील लोबर्ग नावाच्या सरोवराने दिला. गळ टाकून मासे धरणाऱ्या हौशी लोकांसाठी तिथे ट्राउट सोडायचे होते, म्हणून १९८२ साली त्या सरोवरातील सारी मासळी विष घालून नष्ट करण्यात आली. पुढे काही वर्षांत समुद्रातून वर चढणारे त्रिकंटक आपण होऊन तिथे येऊन वसले. मायकेल बेल या संशोधकाने १९९०पासून दरवर्षी तिथले मासे पकडून त्यांच्या पट्ट्या मोजल्या. आरंभी जवळजवळ सगळेच मासे संपूर्ण चिलखतधारी होते. २००१ सालापर्यंत असे मासे दहांत एकाच्या आसपास उरले आणि बहुसंख्य मासे तुरळक पट्ट्यांचे झाले. उत्क्रांती ही लक्षावधी वर्षांची, मानवी दृष्टीच्या पलीकडची गोष्ट आहे असे शिकून जी पिढी मोठी झाली, तिला एका माणसाच्या नोकरीच्या काळात आटोपलेल्या या स्थित्यंतराने विचारात पाडावे, यात नवल नाही.

पण एवढ्या घाईने नवा गुण येतो कुठून? योग्य तो जनुकीय बदल प्रत्येक सरोवरात, नेमका हवा तेव्हा, नव्याने घडून येण्याची वाट पाहायची म्हटली तर बारा वर्षे काय, बारा हजारही अपुरी पडावीत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड किंग्स्ली आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. पट्ट्यांची संख्या मुख्यतः एका जनुकावर अवलंबून असते, त्याला ईडीए म्हणतात. जगभरातील गोड्या पाण्यातील बहुतेक सगळ्या तुरळक पट्ट्यांच्या माशांत या जनुकाचे एकच प्राचीन रूप आढळले. त्याचे वय वीस लाख वर्षांच्या घरात निघाले, म्हणजे ज्या सरोवरांत ते आज नांदते त्या सरोवरांहून ते कितीतरी पटींनी जुने. आणि खरी मौज पुढेच आहे: हे रूप समुद्रातील चिलखतधारी माशांतही असते, शेकड्यामागे एखाददुसऱ्यापाशी, आणि तेही झाकलेले. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक प्रत सागरी रूपाची असली की माशाच्या अंगावर बहुधा पुरेशा पट्ट्या उगवतात, दुसरी प्रत गप्प राहते आणि निवडीची नजर तिच्यावर पडत नाही. ओढ्यांच्या मुखाशी गोड्या आणि खाऱ्या पाण्यातील माशांचा अधूनमधून संकर होतो, त्यातून हे रूप पुन्हापुन्हा समुद्रात उतरते. नवे सरोवर उघडले की तेच रूप घेऊन काही मासे वर चढतात, त्यांच्या संततीत दोन गप्प प्रती एकत्र येतात आणि ते प्रकट होते. जुन्या घराण्यातले वतनपत्र पिढ्यान्‌पिढ्या पेटीच्या तळाशी पडून राहावे आणि एखाद्या दिवशी जमिनीचा प्रश्न निघताच तेच कामी यावे, तसा हा प्रकार आहे.

याच जनुकाचा आपल्या भागाशी एक जुना संबंध आहे. पाळीव प्राणी आणि लागवडीच्या वनस्पती यांच्यातील विविधतेवर डार्विनने जो ग्रंथ लिहिला, त्याच्या १८७५ सालच्या आवृत्तीत सिंधमधील, म्हणजे तत्कालीन मुंबई इलाख्यातील, एका हिंदू कुटुंबाची हकीकत आहे. त्या घरात चार पिढ्यांत दहा पुरुष असे झाले की त्यांच्या तोंडात मोजकेच दात होते, अंगावर केस विरळ होते, टक्कल लवकर पडे आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी राहून त्यांचे फार हाल होत. मुलींना हा विकार होत नसे, पण त्यांच्या मुलांत तो उतरत असे. मनुष्यातील ईडीए जनुक बिघडला की नेमका असाच विकार होतो, हे शंभरांहून अधिक वर्षांनी उमगले. सिंधच्या उन्हाने तळमळणारा तो माणूस आणि अलास्काच्या थंड पाण्यात पट्ट्या टाकून देणारा मासा यांच्या शरीरात एकाच वंशपरंपरागत जनुकाच्या दोन शाखा काम करत होत्या, हे वाचताना मी प्रत्येक वेळी थांबतो. कातडीतून दात, केस, घामाच्या ग्रंथी किंवा अस्थिपट्ट्या उगवण्याचा हुकूम देणारी ही यंत्रणा किती प्राचीन असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

पोटाखालच्या काट्यांची गोष्ट निराळी आहे. पुष्कळ सरोवरांतील त्रिकंटकांनी हे काटे आणि त्यांना आधार देणारे हाड अजिबात टाकून दिले आहे. पॅक्स्टनच्या काठच्या जातीतही तसे मासे आढळतात. त्याच्याशी निगडित असलेला जनुक जबड्यासारख्या इतर अवयवांच्या घडणीतही भाग घेतो, म्हणून तो मुळापासून बिघडला तर मासा जगणारच नाही. त्या जनुकाला शरीराच्या निरनिराळ्या भागांत कामावर लावणाऱ्या कळा त्याच्याजवळच निरनिराळ्या बसवलेल्या असतात. त्यांपैकी फक्त पोटाखालची कळ या माशांत गळून पडलेली आहे, जनुक जसाच्या तसा शाबूत. २०१० साली संशोधकांनी ती कळ अशा एका माशाच्या बीजात पुन्हा बसवली आणि त्याच्या अंगी हरवलेले हाड पुन्हा उगवले. इथे समुद्रातील जुनी ठेव उपयोगी पडलेली नाही. निरनिराळ्या सरोवरांत ही कळ स्वतंत्रपणे आणि निरनिराळ्या जागी तुटलेली आहे, कारण जनुकसूत्राचा तो भाग मुळातच ठिसूळ आहे. निसर्गाने एका कामासाठी जुनी पेटी उघडली आणि दुसऱ्या कामासाठी कमकुवत धाग्यावर भिस्त ठेवली. दोहोंना एकच नियम लावण्याची घाई करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

घाई न करण्याचे आणखी एक कारण आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या आवारातील तळ्यांत असे सागरी मासे सोडण्यात आले, ज्यांच्यापाशी ईडीएचे गोडे रूप एका प्रतीपुरते होते. त्यांच्या पोरांत पट्ट्या उगवू लागल्यावर अपेक्षेप्रमाणे ते रूप वाढत गेले. पण त्याआधी, पट्ट्यांचा पत्ताही नसताना, अगदी कोवळ्या वयात, ते उलट घटलेले दिसले. म्हणजे हा जनुक किंवा त्याच्या शेजारचा एखादा जनुक, पट्ट्यांखेरीज आणखी काही करतो आणि त्याची किंमत मासा बालपणी मोजतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा मला विशेष आदर वाटतो, कारण हाती आलेल्या सुटसुटीत कथेत न बसणारा भाग संशोधकांनी दडवला नाही.

आणि पाणी बदलले तर चिलखत परतही येते. सिॲटल शहरालगतचे लेक वॉशिंग्टन हे मोठे सरोवर शहराच्या सांडपाण्याने इतके गढूळले होते की साठच्या दशकात पाण्यात जेमतेम ३० इंच खोलपर्यंत दिसत असे. सांडपाणी दुसरीकडे वळवण्याचे काम १९६८ साली पुरे झाले आणि पुढे पाणी २५ फुटांपर्यंत नितळ झाले. गढूळ पाण्यात जे मासे लपून राहत ते आता ट्राउटच्या नजरेत भरू लागले. साठच्या दशकाच्या अखेरीस शंभरांत अवघे सहा मासे पूर्ण पट्ट्यांचे होते. चाळीस वर्षांच्या आत ते एकोणपन्नास झाले. नगरपालिकेच्या गटारांचा मार्ग बदलला आणि त्या बदलाची नोंद माशांच्या अंगावर उमटली.

आतापर्यंत सांगितले ते अनुकूलन झाले, म्हणजे एका वंशाने परिस्थितीशी जुळवून घेणे. एकाच पाण्यात, कोणतीही भिंत मध्ये नसताना, एका वंशाचे दोन कसे होतात हा त्याहून अवघड प्रश्न. आणि त्यासाठी पॅक्स्टनच्या काठी परत गेले पाहिजे. डॉल्फ श्लूटर आणि त्यांच्या आधी मॅकफेल या शास्त्रज्ञांनी या जोडीचा अभ्यास केला. समुद्राने या सरोवराला दोनदा वसाहत दिली असावी, आधी आलेले मासे काठाकडे सरकले आणि मागून आलेल्यांनी उघडे पाणी घेतले, असे मॅकफेल यांचे मत होते आणि पुढील पुरावा त्याला बराच अनुकूल आहे. दोघांच्या मधल्या आकाराच्या माशाला काठावरही पोट भरेना आणि मध्यावरही, तेव्हा प्रत्येक पिढीत टोकाचे मासे अधिक टिकले आणि दोन्ही वंश एकमेकांपासून दूर सरत गेले.

त्यांचे विवाहसंबंध कसे ठरतात, हे पाहण्यासारखे आहे. विणीच्या काळात नराचे पोट लालभडक होते, तो शेवाळाचे धागे आपल्या शरीरातील चिकट स्रावाने जोडून घरटे बांधतो, मादी दिसताच नागमोडी नाचत तिला तिकडे नेतो, तिने अंडी घातल्यावर तिला हाकलून देतो आणि कल्ल्यांमागच्या परांनी वारा घालत अंड्यांची राखण एकटाच करतो. निको टिनबर्गेन यांनी लायडन येथे या वर्तनाचा अभ्यास केला आणि अशाच कार्यासाठी त्यांना १९७३चा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. त्यांच्या प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी जाई तेव्हा टाक्यांतले नर प्रतिस्पर्धी आल्याच्या आवेशाने काचेकडे धाव घेत, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. पॅक्स्टनमध्ये उघड्या पाण्याचा नर घरटे मोकळ्या जागी बांधतो, काठचा नर झुडपांच्या आडोशाला. आणि मादी वर निवडते ती बव्हंशी स्वतःच्या मापाचा. थोराड मादीला सडपातळ नर पसंत पडत नाही. गंमत अशी की दुसऱ्या एका सरोवरात स्वतंत्रपणे निपजलेल्या काठच्या जातीचा नर तिच्यापुढे आणला तर तो तिला चालतो, पण तिच्याच सरोवरातील उघड्या पाण्याचा नर चालत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने सिद्ध झाले की नात्याने दूर असलेले दोन वंश एकसारख्या जगण्यामुळे परस्परांना आपले वाटू लागतात, आणि नात्याने जवळचे दोन वंश निराळ्या जगण्यामुळे परके होतात.

तरीही चुकून संकर होतोच. अशी संतती प्रयोगशाळेच्या टाकीत निरोगी वाढते, पुढे तिला पिल्लेही होतात; रक्तात त्यांच्या विरुद्ध काहीच नाही. पण तिला सरोवरातल्या कुंपणात सोडून पाहिले तेव्हा काठावर ती काठच्या माशापेक्षा हळू वाढली आणि उघड्या पाण्यात उघड्या पाण्याच्या माशापेक्षा हळू. तिचे तोंड अळ्यांसाठी लहान पडले आणि चाळणी सूक्ष्म प्राण्यांसाठी मोठी. आपल्या जमिनीच्या कज्ज्यांतली भाषा वापरायची तर या दोन जातींमधली हद्द कोणत्याही सनदेत लिहून ठेवलेली नाही. ती वहिवाटीची हद्द आहे. एकाने काठ कसला, दुसऱ्याने मध्य, आणि दरवर्षी कसत राहिल्यामुळे मधला बांध उभा राहिला. बांध उभा ठेवायला जनुक लागतात हे खरेच, पण ते जनुक परस्परांपासून अलग ठेवण्याचे काम त्या झुडपांनी, त्या उजेडाने, त्या अळ्यांनी केले आहे.

व्हँकूव्हर बेटावरील एनॉस सरोवरातही अशीच एक जोडी होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे क्रेफिश हा शेवंडीच्या गोतावळ्यातला, बाहेरून आलेला प्राणी दिसू लागला. त्याने पाणवनस्पतींचा फडशा पाडला, तळ ढवळून पाणी गढूळ केले, असा संशय आहे. निदान त्याचे येणे आणि पुढची घटना या एकामागून एक झाल्या. झुडपे गेली तसा घरट्यांचा आडोसा गेला, ओळखीच्या खुणा पुसट झाल्या, आणि संकर जो पूर्वी विरळा होता तो नित्याचा झाला. थोड्याच वर्षांत तिथले मासे मोजपट्टीवर एकमेकांत मिसळून गेले: कुणाचे तोंड ना रुंद ना निमुळते, कल्ल्यांतल्या काड्या ना थोड्या ना दाट. लास्केटी बेटावरील हॅडली सरोवराचे तर त्याहून वाईट झाले. तिथे शिंगाळ्याच्या गोत्रातला एक मिशाळ मासा कुणीतरी आणून सोडला आणि दोन्ही जाती नामशेष झाल्या.

पॅक्स्टनची जोडी अद्याप आहे. कॅनडाच्या सरकारने तिला कायद्याचे संरक्षण दिले आहे. एप्रिल उजाडला की काठच्या झुडपांत एक थोराड नर शेवाळाचे धागे गोळा करू लागतो, आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर, मोकळ्या वाळूवर, एक सडपातळ नर आपले घरटे रचत असतो. दोघांची पोटे सारखीच लाल, आणि मधून जाणारी भरल्या पोटाची मादी क्षणभर थांबून एकाकडे वळते.